वेशीवरची भाकर आणि प्रकल्पाची भाकर



बालके, महिला आणि युवक. आपल्या जिल्ह्यात आता कुठंही जा, हे तीन शब्द एका पाटीवर एका रांगेत उभे दिसतात. पाटीवर एक हसणारं पोरगं असतं. डोईवर पदर घेतलेली एक बाई असते. एक तरुण असतो, त्याच्या हातात प्रमाणपत्र. खाली लिहिलेलं असतं, वंचितांच्या सक्षमीकरणासाठी. त्याच्याही खाली बारीक अक्षरात, देणगी आयकरातून वजावटीस पात्र.

माझा सवाल साधा आहे. या पाटीवरून बाप कुठं गेला?

चाळीस-पंचेचाळीसचा, सालदारकीत वाकलेला, मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन गुजरातच्या उसात कोयता चालवायला जाणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेला बाप. तो या पाटीवर का नाही? कारण तो आला की त्याच्या मागोमाग भांडण येतं. मजुरी किती ठरली नि किती दिली, हे विचारावं लागतं. तो कुणाच्या बांधावर राबतो, त्या माणसाचं नाव घ्यावं लागतं. वनजमिनीचा दावा कुठल्या साहेबाच्या टेबलावर धूळ खातोय, तिथं जाऊन बसावं लागतं. पोराला दप्तर देता येतं. बापाला काय देणार? त्याला द्यायची चीज एकच, त्याचं जे आहे ते. आणि ते देणगीच्या पावतीवर येत नाही.

बाई घेतली, तीही अशीच निवडून. मजूर बाई नको, 'महिला' पाहिजे. बेकार पोरगा नको, 'युवक' पाहिजे. भूमिहीनाचं पोर नको, 'बालक' पाहिजे. म्हणजे माणसं तीच, फक्त त्यांच्यातलं भांडण उपसून काढलेलं. माशाचा काटा काढावा तसं. मग गिळायला सोपं.

मी धानोऱ्याचा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा सांगितलं, आता विकास जवळ येणार. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर १०० माणसांत ६९ आदिवासी. साक्षरता ६४ टक्के. राज्याची ८२. अख्ख्या महाराष्ट्रात आपण तळाला. हे आकडे आपल्या घरात रडायला आहेत, पण दुसऱ्याच्या प्रस्तावात ते सोनं आहेत. मुंबई-पुण्याच्या एखाद्या हापिसात प्रस्ताव लिहायला बसलेल्या माणसाला पहिल्या पानासाठी असाच जिल्हा लागतो. आपला तळ म्हणजे त्यांचा पाया.

आमच्याकडं अशीच एक संस्था येऊन गेली. नाव घेत नाही, नावात काही नाही, उद्या दुसरी येईल. पोरांना उन्हात रांगेत बसवलं. दप्तरं वाटली. दप्तरावर कंपनीचं नाव पोराच्या पाठीपेक्षा मोठं. दप्तर देण्याआधी एक फारम भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता, वडील व्यसन करतात काय? दुसरा, घरी स्वच्छतेच्या सवयी आहेत काय? तिसरा, कुटुंबाच्या गरिबीचं कारण. कारणासाठी एक ओळ सोडलेली. हजारो वर्षांच्या जातीला नि शंभर वर्षांच्या जमीनचोरीला एक ओळ! नि त्या ओळीच्या आधी बापाची दारू. रांगेत उभी असलेली एक म्हातारी तेवढी बोलली, "पोऱ्याना फोटू कसाले काढतस भाऊ?" उत्तर आलं, वरती पाठवायला लागतो. वरती म्हणजे कुठं, ते म्हातारीनं विचारलं नाही. मी आज तेच विचारतोय.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. बाहेरचे येतात नि जातात, त्यांच्यावर कागद काळा करायची मला हौस नाही. पण आता आपल्याच मंडळातली पोरं म्हणायला लागलीत की आपणही एक संस्था नोंदवू. घटना तयार आहे. उद्देश तेच: बालके, महिला, युवक. एक सी.ए. भेटलाय. कंपनीचा पैसा येतो म्हणे. यंदा १४ एप्रिलला सभा नको, वाद नको, साहेबांना बोलावू, वह्या वाटू, फोटो जाईल वरती. हे ऐकलं नि मला झोप लागली नाही.

पोरांनो, आधी आपल्या घरातली एक गोष्ट ऐका.

आपल्या आज्या गावात भाकर मागायला जायच्या. महारकीचं काम करायचं, मढं ओढायचं, सांगावा पोचवायचा, तराळकी करायची, नि संध्याकाळी पाटी घेऊन घरोघर फिरायचं. जोहार मायबाप. या भाकरीला नाव काय होतं? बलुतं. हक्क. कागदावर तो हक्कच होता, राबल्याचा मोबदला होता. पण तो मिळायचा कसा? वरून टाकलेला. शिळा. आजीनं हक्क मागितला तरी तो भीक होऊनच पदरात पडायचा. जातीची सगळी करामत या देण्याच्या हातात होती. माणसाचं जे आहे तेच त्याला असं द्यायचं की त्यानं वाकून घ्यावं, नि घेतल्यावर जन्मभर वाकलेलं राहावं.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याबरोबर हेही सांगितलं. उष्टं-शिळं सोडा, मेलेलं ढोर ओढणं सोडा, खाणं सोडा. लोकांनी सोडलं. सोडलं तेव्हा पोटात काही नव्हतं, हे ध्यानात घ्या. गावोगाव बहिष्कार पडले. विहिरी बंद, दुकानं बंद, मजुरी बंद. तरी पाटी पुन्हा उचलली नाही. १९५८ मध्ये कायद्यानं महारकी वतन गेलं. म्हणजे कायदा आला त्याच्या ३० वर्षं आधी आपल्या आज्यांनी निकाल लावला होता.

आता बघा. शिक्षण हा ६ ते १४ वयाच्या पोराचा मूलभूत हक्क, २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. शाळेत पाणी, संडास, शिक्षक, पुस्तक, सगळं त्यात लिहिलेलं. म्हणजे कागदावर हक्क. आणि पोराच्या हातात पडतं काय? कंपनीच्या नावाचं दप्तर, टाळ्या वाजवून घेतलेलं. वेशीवरच्या भाकरीत नि या प्रकल्पाच्या भाकरीत मला तरी फरक दिसत नाही. हक्काची वस्तू भिकेच्या हातानं द्यायची, ही रीत तीच आहे. पाटी गेली, पावती आली.

कुणी म्हणेल, हे तुझं डोकं फिरलंय, चांगल्या माणसांवर घसरतोस. तर मग बाबासाहेबांचंच घ्या. पुणे करार झाला २४ सप्टेंबर १९३२ ला. सहा दिवसांत मुंबईत सवर्ण पुढाऱ्यांनी अस्पृश्यता निवारणाची संस्था काढली. तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर. बाबासाहेब तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, बोटीवरून त्यांनी ठक्करांना एक लांब पत्र लिहिलं. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं ते वाचलं पाहिजे.

त्या पत्रात बाबासाहेब म्हणतात, अस्पृश्यांचं काम करायच्या दोन दृष्टी आहेत. एका दृष्टीला वाटतं, माणूस हलाखीत आहे तर दोष त्याच्या वागण्यात असणार. म्हणून दारू सोडवा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, सहकारी सोसायटी काढा, माणूस सुधारा. दुसरी दृष्टी म्हणते, दोष त्याच्याभोवतीच्या परिस्थितीत आहे, ती बदला. बाबासाहेबांनी दुसरी धरली. संघानं काय करावं तेही सांगितलं. गावच्या विहिरीवर, शाळेत, चावडीवर हक्क बजावण्यासाठी मोहीम काढा. त्यातून मारामाऱ्या होतील, डोकी फुटतील, तरी काढा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नाहीत, तिथं त्याला शिरकाव मिळवून द्या. सवर्णांच्या घरात त्याची ये-जा सुरू करा. या पत्राला उत्तर काय आलं? काहीच नाही. पोच सुद्धा नाही. बाबासाहेब संघातून बाहेर पडले.

आता आमच्या धानोऱ्याच्या फारमवरचा तो प्रश्न पुन्हा वाचा. वडील व्यसन करतात काय? तुम्हाला कळेल की १९३२ चं ते पत्र अजून अनुत्तरितच आहे.

संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा द्या, अशी मागणी झाली तेव्हा गांधींचं म्हणणं पडलं की ही सवर्णांच्या प्रायश्चित्ताची संस्था आहे, हे देणेकऱ्यांचं मंडळ आहे, पैसा त्यांनी फेडायचा आहे. वा! आपण धनको, ते कर्जदार, हे तर कबूल केलं. पण कर्जदारानंच वही लिहायची, किती फेडायचं ते त्यानंच ठरवायचं, कधी फेडायचं तेही त्यानंच, नि वर धनकोनं हात जोडायचे! ही कुठली सावकारी? आमच्या खानदेशात सावकारानं असा धंदा केला असता तर दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बसलं असतं. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी या सेवेचं पोटातलं काढून दाखवलंय. अस्पृश्यांना मायेनं मारायचा हा डाव आहे, असा त्यांचा निवाडा.

यावर आपली हुशार पोरं एक मुद्दा काढतात. म्हणतात, बाबासाहेबांनी नाही का बडोद्याच्या सयाजीरावांची मदत घेतली? मग आपण कंपनीची का नको?

घेतली ना. पण नीट वाचा. १९१३ मध्ये कोलंबियाला जाताना बाबासाहेबांनी करारावर सही केली, की शिकून आल्यावर १० वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करीन. म्हणजे देणं-घेणं दोन्ही बाजूंनी होतं, लेखी होतं. कुणी त्यांना रांगेत बसवून फोटो काढला नाही. आणि पुढं काय झालं? १९१७ मध्ये कराराप्रमाणं ते बडोद्याला हजर झाले. राजा पाठीशी होता, पदवी होती, हुद्दा होता. राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन लोक आले नि हाकललं. शिष्यवृत्तीनं अमेरिका दाखवली, पण बडोद्यात एक खोली दाखवली नाही. कारण शिष्यवृत्ती माणसाला वर नेते, गाव तिथंच ठेवते. हा धडा बाबासाहेब विसरले नाहीत. म्हणून त्यांनी दाते शोधत बसण्यात जन्म घालवला नाही.

दुसरा मुद्दा काढतात, बाबासाहेबांनी संस्था काढल्याच की! २० जुलै १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा. रीतसर संस्था होती, अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, तेच आपलं मिलिंद. मग?

मग हेच, की संस्थेला माझा विरोध नाही. त्या सभेचं ब्रीद काय होतं? शिका, चेतवा, संघटित व्हा. आजच्या संस्थेची घटना काढा, 'शिका' सापडेल. 'संघटित व्हा' सुद्धा बचत गटापुरतं सापडेल. मधलं 'चेतवा' कुठं गेलं? ज्या सभेनं वसतिगृह काढलं तिच्याच नावानं १९२७ ला महाडची परिषद भरली. पोराला जेवू घालायचं नि त्याच पोराला तळ्यावर न्यायचं, एकाच हातानं. तुमच्या नियोजित संस्थेचा हात तळ्यापर्यंत पोचणार आहे का? कंपनी पोचू देईल का?

कंपनीचंही समजून घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम. १ एप्रिल २०१४ पासून लागू. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीनं आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला लावायचे. म्हणजे तो पैसा कंपनीची दया नाही, कायद्यानं काढायला लावलेला आहे. पण काढायचा कुणासाठी नि कुठं, हे ठरवणार कंपनीच. त्या पैशातून वही मिळेल, टॅब मिळेल, शिलाई मशीन मिळेल. किमान वेतनासाठी मोर्चा काढायला त्यातून पैसा मिळाल्याचं मी ऐकलं नाही. परदेशी पैसा घ्यायचा तर २०१० च्या कायद्याची परवानगी लागते, २०२० मध्ये तो आणखी आवळला. राजकीय वळणाचं काम दिसलं की परवाना धोक्यात. अशा दोन्ही बाजूंनी बांधलेली जीभ घेऊन तुम्ही गावात काय बोलणार? हात धुवा, झाडं लावा, व्यसन सोडा.

व्यसन सोडा म्हणायलाही माझी ना नाही. पण ते कोण म्हणतं, यावर सगळं आहे. तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्लांना दारू सोडायला सांगितलं, ते आपल्यातून उभं राहून सांगितलं. शहाद्याला १९७२-७३ मध्ये आदिवासी बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. कुणी त्यांना प्रशिक्षण दिलं नव्हतं, प्रवासभत्ता नव्हता. त्या एकट्या दारूविरुद्ध उठल्या नव्हत्या. १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला. सर्वोदयाच्या कामातून आलेले भिल्ल पुढारी अंबरसिंग सुरतवंती जमिनी परत मागत होते. १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराचा पगार, मजुरीचा दर, हडपलेली जमीन, मोठ्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्यांची दंडेली, सगळं एकदम ऐरणीवर आलं. त्या भट्टीत बायांचा राग तापला होता. आज त्याच बाईला शिलाई मशीन देऊन फोटो काढतात नि म्हणतात, तिचा आवाज आम्ही तिला दिला. अरे, तिच्या आवाजानं मडकी फुटली तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?

त्याच दुष्काळात, १९७२ ला, रोजगार हमी सुरू झाली. १९७७ ला विधिमंडळानं तिचा कायदा केला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. दुष्काळात खिचडी वाटणारे तेव्हाही होते, त्यांनी जीव वाचवले, मी नाकारत नाही. पण खिचडी दुष्काळाबरोबर संपली. काम मागायचा हक्क राहिला नि २००५ मध्ये त्याचा देशाचा कायदा झाला. मोर्चानं मिळवलेलं नि दयेनं मिळालेलं यात टिकाऊ काय, ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच लिहून ठेवलंय.

वरती अक्राणी-अक्कलकुव्याकडं बघा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली. सरकारी शाळा कागदावर भरत होत्या. तेव्हा नव्वदीच्या सुरवातीला खोऱ्यातल्या लोकांनी नर्मदा आंदोलनाबरोबर जीवनशाळा उभ्या केल्या. बांबू, कुड, श्रम गावाचे, भाषा पोरांची. बाहेरची मदत त्यांनीही घेतली. पण त्या पोरांना आधी हे शिकवलं की तुझी शाळा का बुडते आहे. तिथं लढाई नि पढाई एकाच फळ्यावर होती. असली शाळा काढणार असाल तर माझी पहिली वर्गणी लिहून घ्या.

आता सरकारकडं या. संस्थेला शिव्या देऊन सरकारला मोकळं सोडणं हा दुसरा गाढवपणा. कारण आज सरकारच धर्मादाय झालंय.

१८ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं दत्तक शाळा योजनेचा निर्णय काढला. शब्द बघा, दत्तक! आईबाप जिवंत असताना पोर दत्तक द्यायचं. गावाकडच्या शाळेचा दर ५ वर्षांना ५० लाख, १० वर्षांना १ कोटी, तोही वस्तू नि सेवांच्या रूपात. वर देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडायची सोय. जोतीराव-सावित्रीनं १८४८ ला शाळा काढली, तिला कुठल्या शेटजीचं नाव लावलं होतं? शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत नि सक्तीचं केलं, ते राज्याच्या तिजोरीतून. शंभर वर्षांनंतर लोकशाहीचं सरकार म्हणतं, शाळेला बाप शोधा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरिबाच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. कुणाच्या अर्जावरून? लढणाऱ्यांच्या. दप्तर वाटणाऱ्यांच्या नव्हे.

अंगणवाडीच्या बाईला सरकार काय देतं? पगार नाही, मानधन. १९७५ पासून ती पोरं वाढवते, वजनं करते, खिचडी रांधते, मतदारयादी सुद्धा तिच्याकडूनच करून घेतात, नि नाव काय, तर सेविका. सेवा म्हटली की मजुरी मागता येत नाही. हे वतनाचंच व्याकरण. आपल्या शेजारच्या दाहोदचं घ्या. त्याच ठक्करांनी १९२२ च्या सुमारास तिथं भिल्ल सेवा मंडळ काढलं. पुढं १०० वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ ला, दाहोदच्याच अंगणवाडी बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. शंभर वर्षं सेवा झाली, बाईला ग्रॅच्युइटी मात्र भांडून मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बाया बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा 'महिला सक्षमीकरण'वाल्या किती पाट्या त्यांच्या मांडवात दिसल्या?

आणि फोटोचं म्हणाल तर आपला जिल्हा फोटोत कधीच मागं नव्हता. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभलीत एका आदिवासी बाईला दिलं. पंतप्रधान आले, देशभर फोटो गेला. फोटोनं भाकर मिळाली असती तर टेंभलीत एकही माणूस मजुरीला बाहेर गेला नसता.

या सगळ्यात मला आठवतात ती २०१८ च्या जुलैतली पोरं. आदिवासी वसतिगृहातली मेस बंद करून खात्यात पैसे टाकायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा ही पोरं-पोरी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडं पायी निघाली. भर पावसात. त्यांना कुणी 'लाभार्थी' म्हटलं असतं तर त्यांनी तोंडावर सांगितलं असतं. लाभार्थी! काय शब्द काढलाय. ज्याचं आहे त्याला ते मिळालं तर त्याला लाभ म्हणतात का?

१९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे घेतले. म्हणून धानोऱ्यातला भिल्ल नि आपण वेगळे नाही. संस्थेच्या यादीत मात्र आपण वेगळे होतो. त्यांना एक प्रकल्प, आपल्याला दुसरा. दोघांनी एकमेकांकडं बघायचं ते हेव्यानं, की त्याच्या पोराला सायकल मिळाली, माझ्या नाही.

आता रोकडं बोलू. भुकेल्या पोराला मी म्हणणार नाही, क्रांती होईपर्यंत थांब. वही घ्या. दप्तर घ्या. ते आपलंच आहे, थोडं उशिरा नि चुकीच्या हातानं आलंय. आपल्या लोकांनीही सुरू केलंय ना, हार-फुलाऐवजी एक वही एक पेन. तिथं देणारा नि घेणारा एकाच रांगेत उभे असतात, म्हणून तिथं मान खाली जात नाही. संस्थेत नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांनाही मी गद्दार म्हणणार नाही. एम.एस.डब्ल्यू. करून घरी बसलेल्याला १२-१५ हजारांची नोकरी नको म्हणायला माझ्याकडं दुसरी नोकरी नाही. करा नोकरी. पण संध्याकाळी पाच नंतर तुमची जीभ कुणाची, हे ठरवून ठेवा. यशोगाथा लिहायची असेल तर लिहा, पण दुसऱ्या वहीत खरी गाथा लिहा: कुणाची किती मजुरी बुडाली, कुणाची जमीन कुणाच्या नावावर आहे, कुठल्या शाळेत किती महिने शिक्षक नाही.

आणि मंडळाला माझं सांगणं. संस्था नोंदवायचीच असेल तर आधी तीन गोष्टी घटनेत घाला. एक, हिशेब दर वर्षी १४ एप्रिलला निळ्या झेंड्याखाली वाचला जाईल, भिल्लवाडीत नि बौद्धवाड्यात दोन्हीकडं. दोन, कुठल्याही पोराचा फोटो, त्याच्या बापाच्या गरिबीचं कारण, कुणालाही पाठवलं जाणार नाही. तीन, जिथं हक्कासाठी मोर्चा असेल तिथं संस्था पुढं असेल, मग देणगी बंद पडली तरी चालेल. या तीन अटींवर जो दाता टिकेल, त्याच्याशी मी स्वतः हात मिळवीन.

तोवर कामं बिनपैशाची पडलीत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यात निम्म्या बाया, कायदाच आहे. या समितीची बैठक झाली का, विचारा. पंचायत पेसात येत असेल तर ५ टक्के अबंध निधी कुठं गेला, ग्रामसभेत विचारा. कोयत्यावर जाणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. आईबाप ट्रकात चढायच्या आधी ते उघडायला लावा. शिष्यवृत्ती अडली तर २००५ च्या माहितीच्या कायद्यानं अर्ज टाका. दहा जणांचे दहा अर्ज टाका. नि ग्रामसभेला बापाला बरोबर घेऊन जा. पाटीवरून त्याला खोडलंय, सभेत तरी त्याला पहिल्या रांगेत बसवा.

आज्यांनी वेशीवर पाटी ठेवली ती रिकाम्या पोटानं ठेवली. आपल्या पोटात आज चार घास आहेत ते त्यांच्या त्या उपासाचे आहेत. १४ एप्रिलला काय वाटायचं ते मंडळानं या रविवारी ठरवायचंय. मी सांगतो, वाटायचंच असेल तर शिक्षण हक्काच्या कायद्याची पानं सायक्लोस्टाइल करून वाटा. मराठीत नि आपल्या बोलीत. शाईचा खर्च माझा.

जय भीम.